दोन ओढींची गाठ

सोमवार. झेंड्याला एकवीस दिवस.

आज कचेरीतल्या मोठ्या साहेबांनी बाबांना बोलावलं. वर्षभरात पहिल्यांदा. आईने त्यांचा युनिफॉर्म कपाटातून काढला, परत ठेवला, मग साधा पांढरा शर्ट काढला. सस्पेंड झालेल्या माणसाने युनिफॉर्म घालायचा की नाही, हे तिला कळेना. बटणं तिनेच लावून दिली. मी म्हटलं, नवरदेव निघाले वाटतं. कुणी हसलं नाही. मी वर्षातून दोन विनोद करते, दोन्ही वाया जातात.

बाबा अर्ध्या तासात परत आले. कागद आईच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. ऑफिसची भाषा आईला जमत नाही म्हणून मी वाचून दाखवला. या वर्षीही चौकातला झेंडा बाबांनीच बांधायचा. हेडक्लार्कसमोर. सगळं नीट झालं तर कामावर परत. नाही झालं तर ‘सेवेतून कमी’, आणि आठ दिवसांत क्वार्टर खाली करायचं.

“म्हणजे काढून टाकणार?” आई म्हणाली.

“नीट झालं तर नाही,” मी म्हटलं.

आई बाबांकडे बघत राहिली. तोंडाकडे नाही, हातांकडे. मला वाटलं हात धुवायला सांगेल.

ही वही कुणी वाचणार नाही, तरी नीट लिहिते, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर राहील. इतर गावांत स्वातंत्र्यदिनाला पाहुणा दोरी ओढतो आणि झेंडा उघडतो. आमच्या गावात तसं नाही. आमच्याकडे दोन ओढी. पहिल्या ओढीला झेंडा नुसता हलतो, पुडी तशीच बंद राहते. मग सगळं गाव एक मिनिट गप्प उभं राहतं. ज्यांनी जीव दिला आणि ज्यांना तो दिवस बघायला मिळाला नाही, त्यांच्यासाठी आपणही एक मिनिट झेंडा बघायचा नाही, असं शाळेच्या पुस्तकात आहे. मग दुसरी ओढ, आणि झेंडा उघडतो. फुलं पडतात, बँड वाजतो.

पहिल्या ओढीला धरून ठेवणारी आणि दुसरीला सोडणारी गाठ फक्त आमच्या घरात येते. आधी आजोबा बांधायचे, मग बाबा. दोघंही कचेरीतले शिपाई. मागच्या वर्षी दुसऱ्या ओढीला झेंडा उघडलाच नाही. तिसऱ्या, चौथ्या ओढीलाही नाही. पाहुणा मंत्री होता, त्याचा चेहरा लाल झाला. मागे कुणीतरी हसलं. मग दोरी तुटली.

बाबांना काढायला साहेबांना वेळ लागला नसता. पण त्यांनी दोन शिपायांना कचेरीच्या मागे गोणपाट बांधून गाठ करायला लावली म्हणे. एकाची लगेच सुटायची, दुसऱ्याची सुटायचीच नाही. म्हणून पुन्हा बाबाच.

बुधवार. एकोणीस दिवस.

शिंप्याकडून चाळीस शर्ट आलेत काज-बटणांना. शाळा सोडल्यापासून मी हेच करते. बटणं माझ्याशी बोलत नाहीत, मी बटणांशी बोलत नाही. आमचं छान जमतं.

आई हल्ली बाबांना चहा अर्धाच देते. थोड्या वेळाने पुन्हा अर्धा. मी म्हटलं, एवढी काटकसर? एकदाच भरून दे की. तर माझ्यावर ओरडली, “तुला काय करायचंय?” आणि नंतर मोरीत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी दोनच होती.

शनिवार. सोळा दिवस.

बाबा आतल्या खोलीत दार लावून सराव करतात. खाटेच्या पायाला दोरी, दोरीत जुनी चादर. बाहेर ऐकू येतं ते एवढंच: दोरी सरकते, थांबते, मग बाबा ‘छट्’ म्हणतात. दिवसभर छट्. जेवायला बाहेर आले तर घाम फुटलेला.

ते पितात का, असं माझ्या मनात आलं. मागच्या वर्षी नळावर सगळे हेच म्हणत होते. बाबा अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या बाटलीचा वास घेतला. पाणीच होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुपारचं जेवण गेलं नाही.

समोरची मावशी दारात येऊन म्हणाली, “काय गं, यंदा तरी उघडणार का तुमचा झेंडा? नाहीतर माझ्याकडून कात्री घेऊन जा.”

मला उत्तर सुचलं, पण ती घरी गेल्यावर. ते असं होतं: कात्री तुमच्या जिभेला लागेल मावशी, जपून ठेवा. तिला ऐकवणार नाही म्हणून इथे लिहिलं.

मंगळवार. तेरा दिवस.

आज काय झालं ते लिहिते, मग जेवते.

दुपारी मी शर्ट देऊन आले तर अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी नव्हती. ओले कपडे दगडावर गोळा करून ठेवलेले. बाबाही घरात नव्हते. मी आईला म्हटलं, “दोरी कुठाय? बाबांनी नेली का?”

आईच्या हातातलं पीठ सांडलं. ती तशीच धावत सुटली, पायात चप्पल नाही, हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले. बाबांना अशी हाक मारत होती की सगळ्या क्वार्टरमधली माणसं बाहेर आली. एका दोरीसाठी एवढं? मी पण धावले.

बाबा पाण्याच्या टाकीमागे सापडले. लोखंडी खांबाला दोरी बांधून गाठ करत होते. खाटेचा पाय बुटका पडतो म्हणून इथे आलो, म्हणाले. आई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिने त्यांना मारलं. छातीवर, दोन्ही हातांनी. शर्टावर पिठाचे पंजे उठले. मग तिथेच खाली बसून रडायला लागली. बाबा म्हणत होते, “अगं नाही. अगं, तसं काही नाही. पोरीसमोर नको.”

कपडे पुन्हा धुवावे लागले म्हणून ती इतकी चिडली असेल, असं मला आधी वाटलं. आता लिहिताना तसं वाटत नाही. पण काय वाटतं, तेही लिहावंसं वाटत नाही.

गुरुवार. अकरा दिवस.

बाबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. म्हणाले, “काज-बटण करतेस ना? बोटं दाखव.”

मी दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली आणि म्हणाले, “बस.”

त्यांनी गाठ सांगितली, हाताने नाही, तोंडाने. आधी मोठा फास. त्याच्या पोटात छोटा फास. मग दोरीचं शेपूट छोट्या फासाखालून एकदाच काढायचं. पहिल्या ओढीला मोठा फास सुटतो, पण शेपूट छोट्याला धरून ठेवतं. दुसऱ्या ओढीला शेपूट निसटतं आणि सगळं उघडतं. शेपूट दोनदा काढलं तर गाठ अडकते. काढलंच नाही तर पहिल्याच ओढीला मोकळी होते.

“मागच्या वर्षी दोनदा गेलं,” बाबा म्हणाले. “एकदा घातलं ते मला कळलंच नाही. बोटांना कळेना.”

मी विचारलं, “घाबरला होतात?”

“हं,” म्हणाले. “असंच समज.”

मी सतरा वेळा चुकले. अठराव्यांदा जमलं. बाबांनी ओढलं, चादर धरून राहिली. पुन्हा ओढलं आणि अख्खी चादर त्यांच्या डोक्यावर पडली. चादरीच्या आतून ते हसले. वर्षभरात पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण चादरीतून बाहेर आल्यावर त्यांनी मला आजोबांची गोष्ट सांगितली. खरी.

पहिल्या स्वातंत्र्यदिनाला झेंडा बांधायचं काम आजोबांवर आलं. कारण काय, तर कचेरीत गाठी मारणारे तेच. पण ते गाठी मारायचे दप्तराला. कागदांचे गठ्ठे फडक्यात गुंडाळून घट्ट बांधायचे, वर्षानुवर्षं सुटू नयेत म्हणून. झेंडा त्याआधी कुणी बांधला होता? त्यांनी झेंड्याचं दप्तर केलं. सुटायलाही हवं, हे ना त्यांच्या डोक्यात आलं, ना साहेबाच्या.

पाहुण्याने ओढलं. झेंडा हलला आणि अडकला. चौकात माणूस मावत नव्हता, सगळे आ वासून वर बघत राहिले. तेवढ्यात एका बाईला रडू फुटलं. तिचा मुलगा आधीच्या वर्षी तुरुंगातच वारला होता. ती मोठ्याने म्हणाली, “त्याने पण नाही बघितला, मलाही दिसेना.” मग पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणी हलेना. आजोबा धावत गेले, पाहुण्याच्या हातावर हात ठेवून दोरीला लोंबकळले, तेव्हा कुठे झेंडा उघडला.

दुसऱ्या वर्षी आजोबांनी साधी सुटी गाठ बांधली. पण पहिल्या ओढीच्या वेळी सगळ्यांनी आपण होऊन टोप्या काढल्या आणि गप्प उभे राहिले. झेंडा लगेच उघडला तसे सगळे गोंधळले. ती बाई आजोबांना म्हणाली, “आमचं मिनिट कुठे गेलं?” म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत आजोबांनी ही गाठ शोधून काढली. स्वतःची चूक दरवर्षी बरोबर करण्यासाठी.

“मग पुस्तकातलं खोटं?” मी विचारलं.

“सुरुवातीला खोटं असेल,” बाबा म्हणाले. “आता नाही.”

शनिवार. नऊ दिवस.

चाळीसपैकी चाळीस गाठी बरोबर. डोळे मिटूनही. बाबा म्हणतात, आजोबांपेक्षा हात साफ आहे.

पण बांधायचं बाबांनी आहे. कागदावर त्यांचं नाव आहे. हेडक्लार्क समोर बसणार. मी कोण? नववीतून पळालेली. त्या वर्षी याच दिवसासाठी मला भाषण दिलं होतं. ‘आदरणीय’च्या पुढे शब्दच फुटला नाही, सगळ्यांसमोर सहा मिनिटं. मागच्या रांगेतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी गेले नाही, मग तिसऱ्या दिवशी, मग कधीच नाही. आईने दोन थोबाडीत दिल्या, बाबांनी एकही नाही.

बाबा म्हणतात, तू कापड धरायला म्हणून ये. हात माझे वर, बोटं तुझी खाली.

आई म्हणाली, “आणि पकडलं तर?”

बाबा म्हणाले, “पकडलं तरी काय वेगळं होणार आहे? मी बांधली तर काय होईल, ते तुला माहितीय.”

मला माहीत नाही. मला कुणी काही सांगत नाही.

बुधवार. पाच दिवस.

हेडक्लार्क काका घरी येऊन गेले. आईशी दारात हळू बोलत होते. “सर्टिफिकेट जपून ठेवा,” एवढं ऐकू आलं. माझ्या शाळेचं असेल. त्याचा आता काय उपयोग?

बटण लावताना सुई दोनदा बोटात गेली. शिंपी म्हणाला शर्टावर रक्ताचा डाग आहे. तोही धुतला.

रविवार. एक दिवस.

सकाळी कचेरीच्या कोठीच्या खोलीत गेलो. लोखंडी कपाटं, जुनी दप्तरं, मोडक्या खुर्च्या. टेबलावर झेंडा. त्याला हात लावायच्या आधी बाबांनी चप्पल बाहेर काढली, मीही काढली. हेडक्लार्क काका समोर खुर्चीवर बसले, रजिस्टर मांडीवर.

“ही कशाला?” त्यांनी विचारलं.

“घडी धरायला,” बाबा म्हणाले.

“तोंड नाही का तिला?”

मी मान हलवली. आहे की नाही, काय सांगितलं ते मलाही कळलं नाही.

आम्ही घडी केली, मधे फुलं ठेवली. बाबांनी हात पुढे केले आणि ते हात झेंड्यावर फडफडले. पाखरू खिडकीच्या काचेवर आपटतं ना, तसे. मी कधी एवढ्या जवळून, एवढ्या उजेडात बघितले नव्हते. ही भीती नव्हती. बाबांचं तोंड शांत होतं, हातच त्यांचे राहिले नव्हते.

हेडक्लार्क काकांनी बघितलं. मला दिसलं, त्यांनी बघितलं.

तेवढ्यात ते उठले. “माझा चष्मा टेबलावर राहिला वाटतं. आणतो. पाच मिनिटं लागतील,” म्हणाले, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. म्हातारपणी माणूस किती विसरतो!

मी बांधली. बाबा कानाशी सांगत होते. मोठा फास. छोटा. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. काका परत आले तेव्हा बाबांचे दोन्ही हात गाठीवर घट्ट दाबलेले होते.

“झालं?”

“झालं साहेब.”

काकांनी रजिस्टरमध्ये लिहिलं.

घरी येऊन सगळं पुन्हा आठवलं. मोठा फास आठवतो. छोटा आठवतो. शेपूट आठवत नाही. घातलं असणार. चाळीसपैकी चाळीस वेळा घातलंय. पण आजचं आठवत नाही. झेंडा आता कोठीत कुलपात आहे. बाबांना सांगू का? सांगून काय होणार? ते स्वयंपाकघराच्या दारात बसून आईला लसूण सोलायला मदत करतायत. पाकळ्या खाली पडतात, आई न बोलता उचलते. वर्षभरात आज पहिल्यांदा ते भिंतीकडे तोंड करून बसलेले नाहीत.

नाही सांगत.

सोमवार. झेंडा.

संपलं. मी संपवलं.

पहिल्याच ओढीला उघडला.

यंदाच्या पाहुण्या एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांनी दोरी अगदी हळू ओढली, पुढे मिनिटभर थांबायचंय हे त्यांना समजावलेलं होतं. आणि झेंडा धाडकन उघडला, फुलं त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडली. बँडवाल्याची काठी वर गेली आणि तिथेच राहिली. कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबला. साहेब बाबांकडे वळले. त्यांचा चेहरा मला मरेपर्यंत विसरता येणार नाही.

बाबा खांबाशी उभे होते. त्यांनी साहेबांकडे बघितलं नाही. हात मागे घट्ट धरले, मान खाली घातली आणि तसेच उभे राहिले. झेंड्यासमोर, गप्प, जसं दरवर्षी राहतात. मग चपलांच्या दुकानवाल्याने टोपी काढली. मग त्याच्या शेजारच्याने. मग मागे मागे सगळ्यांनी. समोरच्या मावशीनेही मान खाली घातली. अख्खा चौक गप्प, आणि वर झेंडा उघडा. त्याची फडफड ऐकू येत होती. मिनिटभर दुसरा आवाजच नव्हता. याआधी त्या मिनिटात झेंड्याचा आवाज कधी आलाच नव्हता. तो पुडीत असायचा ना.

मिनिट संपायच्या आत मी पळाले. मोरीत बसून लिहितेय. आई दार वाजवतेय. माझ्यामुळे. एक शेपूट. चाळीसपैकी चाळीस, आणि एक्केचाळीसावी ही.

मंगळवार.

सकाळी कचेरीत गेले. एकटी. साहेबांना सांगायचं होतं की गाठ माझी होती, बाबांची चूक नाही. दाराशी पोचले आणि पुन्हा नववीतलं झालं. शब्दच नाही. मला हे माहीत होतं म्हणून चिठ्ठी लिहून नेली होती. ती शिपायाला द्यायला हात पुढे केला, तर हेडक्लार्क काकांनी मधेच घेतली. उभ्या उभ्या वाचली. मग म्हणाले, “यावर तारीख नाही. बिनतारखेचा अर्ज ऑफिस घेत नाही.” आणि चार तुकडे करून स्वतःच्या खिशात टाकले.

मी तिथेच रडायला लागले.

“भाषण ऐकलंस का पाहुण्यांचं? नाही ना, पळालीस,” काका म्हणाले. “बाई म्हणाल्या, तुमच्या गावची ही नवी पद्धत मला फार आवडली. ज्या झेंड्यासाठी ते गेले, तो मिनिटभर झाकून का ठेवायचा? उघडा ठेवून गप्प राहावं. लोक टाळ्या वाजवत होते. साहेब म्हणाले, हो, यंदापासून आम्हीच बदल केलाय. साहेबांनीच केलाय म्हणे!”

मी बाहीने नाक पुसलं.

“बाबांना सांग, गुरुवारी हजर व्हा. कामावर. हजर झाल्याशिवाय माणसाला आजारी पडता येत नाही.”

काय बोलले कळलं नाही. पण तसंच्या तसं घरी सांगितलं. आई मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती कोण जाणे.

शनिवार.

आता कळलं. बाबा गुरुवारी युनिफॉर्म घालून हजर झाले. शुक्रवारी त्यांनी आजारपणामुळे निवृत्तीचा अर्ज दिला. सोबत दवाखान्याचं सर्टिफिकेट, आईने डाळीच्या डब्यात लपवलेलं. दीड वर्षापूर्वीचं. कंप आहे, तो वाढत जाणार, कमी होणार नाही. सस्पेंड असताना हा अर्ज चालत नाही, आणि आधीच काढून टाकलं असतं तर पेन्शनही नसती. मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. हेडक्लार्कलासुद्धा. अर्धा चहा, शर्टाची बटणं, छट्. मी लिहीत होते सगळं आणि मला एकही दिसलं नाही.

बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाले, “तू एवढी कमी बोलतेस. वाटलं, कळलं तर तेवढंही बंद होईल.”

बाबा गावातला झेंडा पुन्हा बांधणार नाहीत. मीही नाही. आता पहिल्या ओढीलाच उघडायचा, मग साधी गाठ कुणीही बांधेल. आजोबांनी वर्षभर डोकं घालून शोधलेली गाठ मी एका सकाळी नाहीशी केली. हे बाबांना म्हटलं. त्यांनी चहाचा अर्धा कप खाली ठेवला. मग म्हणाले, “त्यांची चूक साठ वर्षं चालली. बघू तुझी किती चालते.”

महिन्यानंतरचा रविवार.

क्वार्टर सोडलं. नवीन जागा एकच खोली, वरच्या मजल्यावर. निघताना समोरची मावशी रडली आणि कात्री दिली, खरोखरची. म्हणाली काज-बटणाला होईल. मी म्हटलं, “थँक्यू मावशी.” मोठ्याने. तीच दचकली.

गादीची गुंडाळी मी बांधली होती. वर पोचल्यावर बाबा म्हणाले, थांब, मी सोडतो. त्यांना दोरीचं टोक पकडायलाच वेळ लागला. आई मदतीला निघाली, मी तिचा पदर धरला. बाबांनी ओढलं. मोठा फास सुटला आणि गादी हलली, पण उघडली नाही.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं.

आम्ही तिघं त्या रिकाम्या खोलीत गुंडाळीभोवती उभे राहिलो. कुणी काही बोललं नाही. बाबांच्या हातात दोरी थरथरत होती आणि तिचं टोक फरशीवर बारीक आवाज करत होतं. मी मनात साठपर्यंत मोजलं.

“झालं का तुमचं?” आई म्हणाली. “पाय दुखले माझे.”

बाबांनी दुसरी ओढ दिली.